टु, आयएनजी आणि तिसरं रूप: इंग्रजी वाक्यातले इन्फिनिटिव्ह आणि पार्टिसिपल कसे ओळखायचे

‘टु दिसलं की इन्फिनिटिव्ह, आयएनजी दिसलं की पार्टिसिपल.’ मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी जणांच्या वहीत हे सूत्र चौकट आखून लिहिलेलं असतं. (इन्फिनिटिव्ह म्हणजे क्रियापदाचं काळ न उचलणारं मूळ रूप, पार्टिसिपल म्हणजे बहुधा विशेषणासारखं काम करणारं आयएनजी किंवा तिसरं रूप.) पहिल्या चार-पाच उदाहरणांत ते चालतं. मग ‘आय वेंट टु स्कूल’ समोर येतं, ‘स्विमिंग इज गुड फॉर यू’ येतं, ‘शी मेड मी लाफ’ येतं, आणि सूत्र तिन्ही ठिकाणी चुकतं. पहिल्या वाक्यात टु आहे, पण इन्फिनिटिव्ह नाही. दुसऱ्यात आयएनजी आहे, पण पार्टिसिपल नाही. तिसऱ्यात टु शोधूनही सापडत नाही, तरी ‘लाफ’ इन्फिनिटिव्हच आहे.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: शब्दाचं रूप पाहून उत्तर लिहू नका. तो शब्द त्या वाक्यात कोणतं काम करतोय, हे आधी विचारा. हा प्रश्न विचारायला मराठी माणूस इंग्रजी मुलापेक्षा जास्त सज्ज असतो, कारण जिथे इंग्रजी एकाच रूपावर भागवते तिथे मराठी प्रत्येक कामाला वेगळा प्रत्यय लावते. ‘स्विमिंग’ हे एकच रूप, पण आपण कुठे ‘पोहते आहे’ म्हणतो, कुठे ‘पोहणं’, कुठे ‘पोहणारं बदक’, तर कुठे ‘पोहताना’. हा फरक आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. तो फक्त इंग्रजी वाक्याला लावायला शिकायचं.

खालची वाक्यं देवनागरीत दिली आहेत. जवळ कागद ठेवा आणि प्रत्येक वाक्य इंग्रजी लिपीत उतरवून घेत वाचा. डोळ्यांनी नुसतं वाचून हा विषय बसत नाही. क्रियापदाच्या तीन रूपांना क्लासमध्ये म्हणतात तसं व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणतो: गो, वेंट, गॉन.

पहिली पायरी: वाक्याचं खरं क्रियापद पकडा

इन्फिनिटिव्ह किंवा पार्टिसिपल शोधायला निघालेला विद्यार्थी थेट त्यांच्याच मागे लागतो, आणि तिथेच गाडी अडते. आधी वाक्य ज्याच्यावर उभं आहे ते क्रियापद शोधा. ते हाती लागलं की क्रियापदासारखे दिसणारे बाकीचे शब्द आपोआप वेगळे पडतात. काळ आणि कर्ता यांच्याप्रमाणे बदलणाऱ्या क्रियापदाला इंग्रजीत फायनाइट म्हणतात. न बदलणारी रूपं नॉन-फायनाइट. आपले इन्फिनिटिव्ह, पार्टिसिपल आणि जेरंड (नामाचं काम करणारं आयएनजी रूप) हे सगळे या दुसऱ्या गटातले.

हे वाक्य घ्या: ‘द गर्ल सिटिंग निअर द विंडो वाँट्स टु बिकम अ पायलट.’ खिडकीजवळ बसलेल्या मुलीला पायलट व्हायचंय. क्रियापदासारखे शब्द तीन: सिटिंग, वाँट्स, बिकम. आता वाक्याच्या सुरुवातीला ‘लास्ट इयर’ ठेवून पुन्हा म्हणा. ‘वाँट्स’चं ‘वाँटेड’ झालं. ‘सिटिंग’ आणि ‘टु बिकम’ जागचे हलले नाहीत. आता एका मुलीच्या जागी अनेक मुली करा: ‘द गर्ल्स सिटिंग निअर द विंडो वाँट टु बिकम पायलट्स.’ पुन्हा बदललं ते फक्त ‘वाँट’. म्हणजे खरं क्रियापद तेच, आणि उरलेले दोघे आपल्या शोधातले.

ही काळ बदलण्याची कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. एकच अडचण येते ती ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ यांच्यासारख्या तिन्ही रूपं सारखी असलेल्या क्रियापदांची. तिथे भूतकाळात नेऊन काही कळत नाही. मग उलट करा, ‘शी’ कर्ता घेऊन वर्तमानकाळात आणा. ‘शी पुट्स’ झालं तर ते फायनाइट.

आणखी दोन गोष्टी इथेच लक्षात घ्या. वाक्य जोडवाक्य असेल, मध्ये ‘बिकॉज’, ‘दॅट’, ‘हू’, ‘व्हेन’ असं काही आलं असेल, तर साधारणपणे प्रत्येक तुकड्याला स्वतःचं फायनाइट क्रियापद असतं. तितकी शोधा. दुसरं म्हणजे क्रियापद चार शब्दांचं असलं तरी काळ फक्त पहिला शब्द उचलतो. ‘शी हॅज बीन वेटिंग’ भूतकाळात नेलं तर ‘शी हॅड बीन वेटिंग’ होतं. ‘बीन’ आणि ‘वेटिंग’ तसेच राहिले, म्हणजे तेही पार्टिसिपलच. मात्र परीक्षेत ‘पार्टिसिपल ओळखा’ असा प्रश्न येतो तेव्हा बहुतेक वेळा नामाबद्दल माहिती सांगणारा, म्हणजे विशेषणाचं काम करणारा पार्टिसिपल अपेक्षित असतो, काळ बनवायला मदत करणारा नाही. प्रश्न नीट वाचा.

दुसरी पायरी: टु कोणाचा आहे ते पाहा

इंग्रजीत टु दोन आहेत आणि दोघांचं स्पेलिंग एकच. एक शब्दयोगी अव्यय, आपल्या ‘-ला’, ‘-कडे’सारखं. दुसरा इन्फिनिटिव्हची खूण. ‘शी वेंट टु द मार्केट’ मध्ये पहिला, ‘शी वेंट टु बाय व्हेजिटेबल्स’ मध्ये दुसरा. टु नंतर व्ही वन आलं तर इन्फिनिटिव्ह, नाम आलं तर नाही. इथपर्यंत सोपं.

अवघड जागा वेगळ्या. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी लिहितात ते ‘आय लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’ घ्या. पुष्कळ लोक इथे ‘टु मीट’ लिहितात, कारण टु नंतर व्ही वन हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. तपासायचं असं: टु नंतरचा सगळा भाग काढून तिथे ‘दॅट’ ठेवा. ‘आय लुक फॉरवर्ड टु दॅट’ हे पूर्ण, बरोबर वाक्य आहे. म्हणजे हा टु शब्दयोगी आहे, आणि त्याच्यापुढे क्रिया आणायची तर आयएनजी लावूनच आणावी लागते. ‘आय वाँट टु स्लीप’ला हीच कसोटी लावा. ‘आय वाँट टु दॅट’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून तो इन्फिनिटिव्ह.

‘यूज्ड टु’चा गोंधळही याच कसोटीने सुटतो. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता राहत नाही. ‘आय ॲम यूज्ड टु लिव्हिंग इन सातारा’ म्हणजे साताऱ्यात राहायची सवय झालीय. दुसऱ्यात ‘आय ॲम यूज्ड टु दॅट’ चालतं, पहिल्यात ‘आय यूज्ड टु दॅट’ चालत नाही. ‘ऑब्जेक्ट टु’ आणि ‘ॲडिक्टेड टु’ यांचाही टु शब्दयोगी.

काही शब्द नामही असतात आणि क्रियापदही. ‘ही वेंट टु वर्क’ म्हणजे तो कामाला गेला. मध्ये ‘हिज’ घालून पाहा: ‘ही वेंट टु हिज वर्क.’ चाललं, म्हणजे वर्क नाम. ‘ही वाँट्स टु वर्क’ मध्ये ‘हिज’ घुसत नाही.

आता हा इन्फिनिटिव्ह वाक्यात काय करतो? मराठीत भाषांतर करताना कोणता प्रत्यय येतो ते पाहिलं की काम दिसतं. ‘टु फर्गिव्ह इज नॉट ईझी’, क्षमा करणं सोपं नाही: ‘-णं’ आलं, नामाचं काम. ‘ही केम टु मीट मी’, मला भेटायला आला: ‘-ायला’ आलं, हेतू सांगितला, क्रियाविशेषणाचं काम. ‘आय हॅव मेनी लेटर्स टु राइट’, मला बरीच पत्रं लिहायची आहेत: ‘-ायची’ ही पत्रांबद्दलची माहिती, विशेषणाचं काम. ओळखून झाल्यावर काम सांगायची सवय लावा. परीक्षेत दुसरा गुण बहुतेक तिथेच असतो.

टु आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादा शब्द आला तर घाबरू नका. ‘टु रिअली अंडरस्टँड’ हा एकच इन्फिनिटिव्ह आहे. त्याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात. हेन्री ऑल्फर्ड या इंग्लिश धर्मगुरूने १८६४ साली त्यावर आक्षेप घेतला, आणि पुढे कित्येक मास्तरांनी तो नियम म्हणून शिकवला. आजचे भाषातज्ज्ञ ती चूक मानत नाहीत. ‘नॉट’ मात्र लिहिताना टुच्या आधी ठेवा: ‘ही डिसायडेड नॉट टु गो.’

तिसरी पायरी: टु नसलेला इन्फिनिटिव्ह

याला बेअर इन्फिनिटिव्ह म्हणतात. तो सापडण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे भीती बाळगायचं कारण नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘विल’ यांच्यासारख्या मोडल क्रियापदांनंतर येतो: ‘शी मस्ट गो’ मधला ‘गो’. ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांच्यानंतर येतो: ‘डिड यू सी इट?’ मधला ‘सी’. म्हणूनच ‘डिड’नंतर व्ही टू लावणं चूक ठरतं. काळ ‘डिड’ने उचलला आहे, पुढच्या क्रियापदाला तो पुन्हा उचलायचा नसतो. आणि ‘मेक’, ‘लेट’, ‘सी’, ‘हिअर’, ‘फील’ यांच्या कर्मानंतर येतो.

हा शेवटचा प्रकार नीट पाहू. ‘शी मेड हिम वॉश द डिशेस.’ तिने त्याला भांडी घासायला लावली. मराठीत ‘घासायला’ आलं, म्हणजे इन्फिनिटिव्हची चाहूल लागली. आता खात्री करा. ‘हिम’नंतर ‘वॉश’ आहे, ‘वॉशेस’ किंवा ‘वॉश्ड’ नाही. ‘मेड’ बदलून ‘मेक्स’ करा, ‘वॉश’ तसाच राहतो. वाक्य पॅसिव्ह करून पाहा: ‘ही वॉज मेड टु वॉश द डिशेस.’ दडून बसलेला टु बाहेर आला. ‘हेल्प’च्या बाबतीत दोन्ही चालतात, ‘हेल्प मी कॅरी’ आणि ‘हेल्प मी टु कॅरी’.

‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह आणि पार्टिसिपल दोन्ही येऊ शकतात, आणि अर्थ बदलतो. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’: तो या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, मी पूर्ण पाहिलं. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’: मी पाहिलं तेव्हा तो मध्ये कुठेतरी होता, पुढे पोहोचला की नाही हे वाक्य सांगत नाही. मराठीत आपण दोन्हींसाठी ‘त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानावरून सहज निसटतो. इथे भाषांतर पुरत नाही, रूपच पाहावं लागतं.

चौथी पायरी: आयएनजीची तीन कामं

आयएनजी इतका का छळतो याचं कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे दोन वेगळे प्रत्यय होते. ‘करणारा, करत असलेला’ या अर्थाच्या पार्टिसिपलला ‘-एंडे’ लागायचा, आणि क्रियेचं नाव सांगणाऱ्या नामाला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’. पुढच्या काही शतकांत पार्टिसिपलचा जुना प्रत्यय मागे पडला आणि दोन्ही कामं ‘-इंग’वर आली. आज आपण जेरंड आणि पार्टिसिपल वेगळे करतो, तेव्हा इंग्रजीने मिटवलेली रेघ पुन्हा ओढत असतो. ती सगळीकडे स्पष्ट येणार नाही हे मनात धरून चला. २००२ साली आलेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी तर दोन्हींना एकत्र जेरंड-पार्टिसिपल असं एकच नाव दिलं. शाळेत आणि स्पर्धा परीक्षेत मात्र ते वेगळेच विचारतात, म्हणून वेगळे ओळखायला हवेत.

आयएनजी लागलेल्या शब्दाच्या आधी ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असं काही असेल तर तो बहुधा चालू काळाचा भाग. बहुधा म्हणतो, कारण ‘माय हॉबी इज पेंटिंग’ मध्येही ‘इज’ आहे. दोन्ही बाजू उलटून पाहा. ‘पेंटिंग इज माय हॉबी’ अर्थपूर्ण आहे, म्हणून जेरंड. ‘शी इज पेंटिंग’ उलटवलं तर ‘पेंटिंग इज शी’ होतं, आणि त्याला अर्थ नाही.

शब्द कर्त्याच्या किंवा कर्माच्या जागी बसला असेल तर जेरंड. त्याच्या जागी ‘दॅट’ ठेवा, वाक्य टिकलं पाहिजे. ‘स्विमिंग इज गुड फॉर यू’, ‘दॅट इज गुड फॉर यू’. ‘बाय’, ‘विदाउट’, ‘ऑफ’, ‘फॉर’ यांच्यानंतरचा आयएनजीही जेरंड: ‘विदाउट आस्किंग’, न विचारता. पण ‘व्हाइल’ आणि ‘व्हेन’ यांच्यानंतरचा पार्टिसिपल: ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड’, रस्ता ओलांडताना.

सगळ्यांत मजेदार जागा नामाच्या लगेच आधीची. ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ आणि ‘अ स्लीपिंग बॅग’. मूल झोपलंय, पण पिशवी झोपलेली नाही, ती झोपण्यासाठी आहे. पहिला पार्टिसिपल, दुसरा जेरंड. ‘वेटिंग रूम’मध्ये खोली वाट पाहत नाही. ‘ड्रिंकिंग वॉटर’मध्ये पाणी काही पीत नाही. ‘रनिंग वॉटर’ मात्र खरंच वाहतं, ‘बार्किंग डॉग’ खरंच भुंकतो. ‘ते नाम स्वतः ती क्रिया करतंय का?’ हा एक प्रश्न विचारला की निकाल लागतो.

इथे मराठीवर विसंबताना एक सावधगिरी हवी. बसणं, झोपणं, उभं राहणं अशा शरीराच्या स्थितीसाठी आपण ‘-लेला’ वापरतो: बसलेली मुलगी, झोपलेलं मूल, उभा असलेला माणूस. ‘-लेला’ ऐकून हात व्ही थ्रीकडे जातो, पण इंग्रजी इथे आयएनजी घेते: ‘द सिटिंग गर्ल’, ‘द स्लीपिंग चाइल्ड’, ‘द मॅन स्टँडिंग देअर’. मराठी बसण्याची क्रिया पूर्ण झाली असं धरते, इंग्रजी ती स्थिती चालू आहे असं धरते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

आयएनजीने संपणारा प्रत्येक शब्द क्रियापदापासून आलेला नसतो, हेही ध्यानात असू द्या. ‘मॉर्निंग’ हे नाम, ‘समथिंग’ हे सर्वनाम. ‘ड्यूरिंग’ आणि ‘रिगार्डिंग’ आज शब्दयोगी म्हणूनच वावरतात. ‘बिल्डिंग’ला ‘बिल्डिंग्ज’ असं अनेकवचन होतं, तेव्हा ते सरळ नाम.

आता ‘स्टॉप’. ‘ही स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा प्यायला थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. पहिल्यात हेतू सांगणारा इन्फिनिटिव्ह, दुसऱ्यात कर्म झालेला जेरंड. ‘रिमेंबर’चंही तसंच: ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’, कुलूप लावायची आठवण ठेव, ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’, कुलूप लावल्याचं मला आठवतंय. इन्फिनिटिव्ह पुढे पाहतो, जेरंड मागे. इथे ओळखण्यात चूक झाली तर नुसता गुण जात नाही, समोरच्याचं म्हणणंच उलटं समजतं.

पाचवी पायरी: व्ही टू की व्ही थ्री?

पास्ट पार्टिसिपल म्हणजे व्ही थ्री. ‘हॅव’नंतर, पॅसिव्हमध्ये ‘बी’च्या रूपांनंतर, किंवा ‘अ ब्रोकन चेअर’सारखा नामाला चिकटून तो येतो. ‘ब्रोकन’, ‘रिटन’, ‘टेकन’ ओळखायला काहीच लागत नाही, कारण त्यांचं व्ही टू वेगळं आहे. त्रास होतो तो ईडी लागलेल्या क्रियापदांचा. ‘पेंटेड’, ‘कॉल्ड’, ‘वॉश्ड’ यांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच.

उपाय असा: संशयित शब्दाच्या जागी ज्याची रूपं वेगळी आहेत असं क्रियापद ठेवा. ‘सी, सॉ, सीन’ किंवा ‘टेक, टूक, टेकन’ पुरतं. अर्थ थोडा बदलला तरी हरकत नाही, बांधणी टिकली म्हणजे झालं. ‘द बॉय कॉल्ड हिज फ्रेंड’: इथे ‘सॉ’ बसतं, ‘द बॉय सॉ हिज फ्रेंड’. म्हणजे व्ही टू, वाक्याचं खरं क्रियापद. ‘द बॉय कॉल्ड बाय द टीचर स्टूड अप’: इथे ‘सॉ’ चालत नाही, ‘सीन’ चालतं. म्हणजे व्ही थ्री, पार्टिसिपल. शिक्षकांनी बोलावलेला मुलगा. मराठीतला ‘-लेला’ही साक्षीला आला.

ही युक्ती किती कामाची आहे ते पाहायला एक प्रसिद्ध वाक्य घेऊ. थॉमस बेव्हर या भाषा-मानसशास्त्रज्ञाने १९७० साली ते चर्चेत आणलं: ‘द हॉर्स रेस्ट पास्ट द बार्न फेल.’ (‘रेस्ट’ हे ‘रेस’चं ईडी लागलेलं रूप, ‘फेल’ हे ‘फॉल’चं व्ही टू.) इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा शेवटच्या शब्दाला अडखळतात आणि वाक्य चुकीचं आहे असं म्हणतात. कारण ते ‘रेस्ट’ला व्ही टू धरून पुढे जातात, घोडा गोठ्यापुढून धावत गेला, आणि मग ‘फेल’ला जागाच उरत नाही. पहिली पायरी आठवा. ‘फेल’ नक्की फायनाइट आहे, आणि जोडणारा शब्द एकही नाही, म्हणजे दुसरं फायनाइट असू शकत नाही. मग ‘रेस्ट’ पार्टिसिपलच. त्याच्या जागी ‘टेकन’ ठेवा: ‘द हॉर्स टेकन पास्ट द बार्न फेल.’ गोठ्यापुढून नेलेला घोडा पडला. वाक्य उलगडलं.

आता रोजच्या बोलण्यातली एक चूक, जी मला फार खटकते कारण ती सहज टाळता येते. ‘आय ॲम बोरिंग.’ म्हणायचं असतं मला कंटाळा आलाय, म्हटलं जातं मी कंटाळवाणा माणूस आहे. परिणाम घडवणाऱ्याला आयएनजी, परिणाम झालेल्याला ईडी. कंटाळा आणणारं भाषण ‘बोरिंग’, कंटाळलेला श्रोता ‘बोर्ड’. ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’, ‘टायरिंग’ आणि ‘टायर्ड’, सगळ्यांना हेच लागू. मनात ‘-णारा’ येतंय की ‘-लेला’, एवढं ऐका.

इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असाल तर मथळ्यांत व्ही थ्री आणि इन्फिनिटिव्ह या दोन्हींची छान उजळणी होते. तिथे ‘इज’, ‘आर’, ‘वेअर’ गाळतात. ‘थ्री हेल्ड फॉर थेफ्ट’ मधलं ‘हेल्ड’ व्ही थ्री आहे, तिघांना पकडलं असा अर्थ. तिघांनी कोणाला पकडलं नाही. ‘सीएम टु व्हिजिट नाशिक’ मधला इन्फिनिटिव्ह भविष्य सांगतो.

सहावी पायरी: पार्टिसिपलचा धनी कोण?

वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामापर्यंत पार्टिसिपलचा तुकडा आला, की स्वल्पविरामानंतरचा कर्ताच त्याचा धनी. ‘हॅविंग फिनिश्ड द वर्क, शी वेंट होम’, काम संपवून ती घरी गेली. संपवणारी आणि जाणारी एकच. मराठीतला ‘-ऊन’ही असाच वागतो, एरवी दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा लागतो. त्यामुळे ‘हॅविंग’ दिसला आणि ‘-ऊन’ लावता आला, तर तुम्ही बरोबर आहात.

गडबड ‘-ताना’ करतो. ‘स्टेशनला चालत जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठीत निर्दोष वाक्य. चालणारा मी, सुरू होणारा पाऊस, आणि कोणालाही खटकत नाही, कारण ‘-ताना’ला वेगळा कर्ता चालतो. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड’ असं उतरवलं की पाऊस स्टेशनकडे चालत निघतो. याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांकडून ही चूक होणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणून लिहून झाल्यावर स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू एकदा तपासा. दुरुस्ती अशी: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टु द स्टेशन, इट स्टार्टेड टु रेन.’

सराव

चार वाक्यं. उत्तर वाचण्याआधी प्रत्येकात फायनाइट क्रियापदाखाली रेघ मारा.

‘बिल्ट इन द नाइन्टीन-नाइन्टीज, द कोकण रेल्वे रन्स थ्रू हिल्स कट बाय मेनी रिव्हर्स.’ रेघ ‘रन्स’खाली. ‘बिल्ट’ व्ही थ्री, धनी कोकण रेल्वे: नव्वदच्या दशकात बांधलेली. ‘कट’ हाही व्ही थ्री, धनी डोंगर. तिन्ही रूपं सारखी असूनही तो लपत नाही, कारण मागोमाग ‘बाय मेनी रिव्हर्स’ आहे.

‘पॅसेंजर्स सिटिंग बाय द विंडो लव्ह टु सी द वॉटरफॉल्स.’ रेघ ‘लव्ह’खाली. ‘सिटिंग’ प्रेझेंट पार्टिसिपल, मराठीत बसलेले. ‘टु सी’ इन्फिनिटिव्ह, ‘लव्ह’चं कर्म, म्हणजे नामाचं काम.

‘आय सॉ अ मॅन होल्डिंग अ फ्लॅग वॉक अलाँग द प्लॅटफॉर्म.’ रेघ ‘सॉ’खाली. ‘होल्डिंग’ पार्टिसिपल, झेंडा धरलेला माणूस. ‘वॉक’ला ‘वॉक्स’ किंवा ‘वॉक्ड’ करता येत नाही, ‘सॉ’च्या कर्मानंतर तो आला आहे, म्हणून बेअर इन्फिनिटिव्ह.

‘ड्यूरिंग द मॉन्सून, ड्रायव्हर्स आर टोल्ड टु रिड्यूस स्पीड, अँड पेट्रोलिंग द ट्रॅक बिकम्स अ डे-अँड-नाइट जॉब.’ ‘अँड’ने दोन वाक्यं जोडली आहेत, म्हणून रेघाही दोन: ‘आर’ आणि ‘बिकम्स’. ‘ड्यूरिंग’ शब्दयोगी, फसू नका. ‘टोल्ड’ पॅसिव्हमधला व्ही थ्री. ‘टु रिड्यूस’ इन्फिनिटिव्ह, वेग कमी करायला सांगतात. ‘पेट्रोलिंग द ट्रॅक’ हा सगळा तुकडा ‘बिकम्स’चा कर्ता आहे आणि त्याच्या जागी ‘दॅट’ बसतं, म्हणून जेरंड. त्याच्यापुढे ‘द ट्रॅक’ हे कर्म पाहून तो क्रियापद वाटला असेल तर दचकू नका. जेरंड नामाच्या जागी बसतो आणि तरीही स्वतःचं कर्म घेतो, मराठीत ‘रुळांवर गस्त घालणं’ म्हणताना ‘घालणं’ हे ‘गस्त’ हे कर्म घेतं तसंच.